चार रस्ता की चलथाण?

कडोदऱ्यात राहणाऱ्या मराठी माणसाला गावाकडे निघताना एक प्रश्न घराच्या उंबऱ्यावरच सोडवावा लागतो. चार रस्त्यावर जाऊन बस धरायची, की तेथून थोड्याच अंतरावर असलेल्या चलथाण स्थानकावर जाऊन आगगाडी? चार-आठ दिवस राहण्याच्या बोलीने जायचे असेल, तर हा प्रश्न फारसा जाचत नाही. दोन तास इकडे किंवा तिकडे, एवढेच. कसोटी लागते ती एका दिवसात जाऊन येण्याची. कोणाच्या दारावर जायचे असते, साखरपुडा असतो, सातबाऱ्यावरच्या नोंदीसाठी तलाठ्यापुढे उभे राहायचे असते, आणि दुसऱ्या दिवशीची पाळी चुकवून चालणार नसते. अशा वेळी घरात दोन तट पडतात. गाडीचे अभिमानी आणि बसचे अभिमानी एकमेकांना मागचे सारे दाखले ऐकवतात आणि बहुधा उशीर होऊन दोन्ही चुकण्याची वेळ येते.

हा वाद आपण आवडीनिवडीचा समजतो. वस्तुतः त्याचा निकाल बऱ्याच अंशी १९०० साली लागून गेला आहे, आणि त्या निकालाने आपल्या सोयरिकींवरही परिणाम केला आहे, असे मला वाटते.

वाट मात्र त्याहूनही पुष्कळ जुनी आहे. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्यास जाण्याच्या रस्त्यावरील मुक्काम नोंदवतो, त्यांत बारडोली, नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा ही नावे क्रमाने येतात. नवापूरचे विणकर आणि तेथील सुवासिक तांदूळ यांचीही त्याने दखल घेतली आहे. म्हणजे बंदरातला माल आणि खानदेशचे कापड ज्या वाटेने ये-जा करीत होते, ती तापीच्या खोऱ्याला समांतर अशी वाट होती. पुढे अठराव्या शतकात पिलाजीराव गायकवाडांनी सोनगडास आपले ठाणे केले ते याच वाटेवर. व्यारा-सोनगडचा मुलूख बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतात शेवटपर्यंत राहिला. सुरत-खानदेश हा प्रवास मराठी माणसाला परका वाटू नये, याला हेही एक कारण आहे. आपण पोटासाठी इकडे आलो हे खरे, परंतु आलो ते मळलेल्या वाटेने.

या जुन्या वाटेला नंदुरबारच्या अलीकडे एक फाटा होता. खाली दक्षिणेला कोंडाईबारीच्या घाटाने साक्री आणि धुळे गाठता येई. बैलांचे तांडे दोन्ही बाजूंनी चालत. तेव्हा धुळ्याचा माणूस आणि नंदुरबारचा माणूस सुरतेपासून सारखाच दूर किंवा सारखाच जवळ होता. ही बरोबरी रेल्वेने मोडली.

मुंबईहून निघालेला जी.आय.पी. रेल्वेचा लोहमार्ग १८६० नंतरच्या दशकात जळगाव-भुसावळला पोहोचला होता. अमेरिकेतील यादवीमुळे (१८६१ ते १८६५) खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि तो कापूस मुंबईकडे वाहू लागला. तापीच्या उत्तर-पश्चिमेकडील तालुक्यांना मात्र हा मार्ग आडवळणाचा होता. ती उणीव भरून काढण्यासाठी तापी व्हॅली रेल्वे ही कंपनी उभी राहिली. किलिक निक्सन आणि कंपनी ही मुंबईची पेढी तिची व्यवस्थापक होती. गाड्या चालविण्याचे काम बी.बी.सी.आय. रेल्वेकडे होते. सुरतेकडून टप्प्याटप्प्याने खुला होत हा सुमारे १५५ मैलांचा मार्ग १९०० साली अमळनेरला पोहोचला. अमळनेर ते जळगाव हा उरलेला ३५ मैलांचा तुकडा जी.आय.पी.ने त्याच सुमारास घातला. दोन्ही तुकड्यांची बेरीज केली म्हणजे आजचे ३०६ किलोमीटर भरतात. ते वर्ष छप्पनच्या दुष्काळाचे होते, हे ध्यानात घ्यावे. ज्या साली शेत करपले, त्याच साली दारात गाडी आली.

त्याच वर्षी, म्हणजे १९०० मध्येच, जी.आय.पी.ने चाळीसगावाहून धुळ्यास एक शाखा नेली. ही शाखा धुळ्यात येऊन थांबली आणि पुढे गेली नाही. धुळ्याच्या उत्तरेस नरडाण्यावरून तापी व्हॅलीची गाडी जात होती. मध्ये अंतर होते सुमारे पन्नास किलोमीटरांचे. दोन कंपन्या, दोन हितसंबंध. एकीला माल मुंबईकडे हवा होता, दुसरीला सुरतेकडे. ते पन्नास किलोमीटर कोणी जोडले नाहीत. परिणामी धुळ्याचा माणूस रुळांनी मुंबईशी बांधला गेला आणि नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर, धरणगाव येथला माणूस सुरतेशी. साक्री तालुका तर दोन्हींकडून कोरडा राहिला.

आता कडोदऱ्याच्या कोणत्याही जुन्या घराकडे पाहा. ज्यांचे मूळ गाव शिंदखेडा किंवा दोंडाईच्याकडचे, ते गाडीचे अभिमानी. ज्यांचे गाव साक्री, पिंपळनेर किंवा धुळ्याच्या आसपासचे, ते बसचे. आपण ज्याला स्वभाव समजतो तो पुष्कळदा स्थानकांच्या यादीचा परिणाम असतो. (अपवाद असतातच. नरडाण्याला उतरून आग्रा रोडने धुळ्यास जाणारे गाडीनिष्ठ मी पाहिले आहेत. त्यांना वेळेचा हिशेब विचारू नये.)

बसचा अध्याय उशिरा सुरू झाला. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली, तेव्हा सुरत आणि धुळे एकाच मुंबई इलाख्यात होते. १ मे १९६० रोजी राज्य दुभागले आणि परिवहनही दुभागले. गुजरातचे महामंडळ त्याच दिवशी वेगळे झाले. रेल्वेचे तसे झाले नाही. १९५१ साली स्थापन झालेल्या पश्चिम रेल्वेकडे हा मार्ग होता तसाच राहिला. सरहद्द नवापूर स्थानकाच्या मधून गेली आणि एकाच फलाटाचा काही भाग महाराष्ट्रात, काही गुजरातेत राहिला. तेथील बाकावर दोन्ही राज्यांची नावे रंगविलेली आहेत आणि लोक त्यावर बसून छायाचित्रे काढतात. गाडीला या सरहद्दीचे सोयरसुतक नाही. बसला मात्र ती नवापूरला जाणवते. महाराष्ट्राने ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास मोफत केला, मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट केले; पण या सवलती राज्याच्या हद्दीपुरत्या. तेव्हा आपल्याकडील आजीबाईंना नवापूरपर्यंत एक हिशेब आणि पुढे दुसरा. तिकडे रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये थांबली. ज्या पिढीने जन्मभर गाडीचा कैवार घेतला, तिला उतारवयात बसकडे वळविणारे कारण असे अनपेक्षित निघाले.

येथे घरची एक हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझी थोरली आत्या साक्री तालुक्यात दिलेली होती. तिच्या निधनाची तार दुपारी आली. वडिलांना बसचा तिटकारा होता. घाटाची वळणे त्यांना सोसत नसत आणि लोखंडी रुळावरून जाणारे वाहन वाट चुकत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. काका म्हणाले, "दादा, चार रस्त्यावर चला, बस थेट साक्रीला सोडेल." वडील चलथाणला गेले. गाडी आली, वेळेवर आली, नंदुरबारलाही वेळेवर पोहोचली. परंतु नंदुरबारहून निजामपूरमार्गे साक्रीकडे जाणारी शेवटची बस तोवर निघून गेली होती. रात्र त्यांनी स्थानकावर काढली. काका रात्रीच पोहोचले होते. सकाळी वडील गावच्या शिवारात शिरले तेव्हा अग्नी देऊन लोक परतत होते. या गोष्टीत दोष कोणाचाच नव्हता. गाडी आपल्या मार्गाने गेली होती; आत्याचे गाव त्या मार्गावर नव्हते. वडिलांनी यावर कधी चकार शब्द काढला नाही. पुढे माझ्या धाकट्या बहिणीला साक्रीकडचे एक उत्तम स्थळ आले, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मुलाच्या शिक्षणाचा नव्हे. "स्थानक कोणते?" असे त्यांनी विचारले. बहीण दोंडाईच्यास दिली गेली.

माझ्या पाहण्यातील अनेक घरांत असेच घडले. आखाजीला लेक माहेरी आणायची, श्रावणात कानबाई बसली म्हणजे सारे भाऊबंद रोटांसाठी एकत्र व्हायचे, तर येणे-जाणे सोयीचे हवे. रुळांवरच्या गावांशी नवी नाती जुळत राहिली. रुळांपासून दूर असलेल्या गावांतली जुनी नाती पत्रांवर आणि पुढे केवळ लग्नपत्रिकांवर तगली. सारंगखेड्याच्या यात्रेला आपल्यातील कितीतरी जण दोंडाईच्याला उतरून जात आले आहेत, परंतु सप्तशृंगीला जायचे तर बसशिवाय गत्यंतर नव्हते आणि म्हणून ती यात्रा बहुधा नवसापुरतीच राहिली. देवांच्या बाबतीतही हा पक्षपात झाला, याची गंमत वाटते.

एका दिवसाच्या प्रवासाला गाडी सोयीची म्हणावी, तर तिचीही एक अडचण शंभराहून अधिक वर्षे होती. मार्ग एकेरी होता. समोरून येणारी गाडी स्थानकात शिरेपर्यंत आपली गाडी बाजूच्या रुळावर उभी. जाताना हा खोळंबा गप्पांत निघून जाई. परतताना मात्र दुसऱ्या दिवशीची पाळी डोळ्यांपुढे दिसे. त्यात लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांना अग्रक्रम, आणि त्या चलथाणला सहसा थांबत नाहीत. त्यांनी जायचे तर उधना किंवा सुरत गाठावे लागते. अखेर उधना-जळगाव मार्गाचे दुहेरीकरण आणि विद्युतीकरण पुरे होऊन १६ फेब्रुवारी २०१९ रोजी धुळ्यातील कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. लोकार्पण झाले दुहेरी मार्गाचे, आणि तेही ज्या शहराला तो मार्ग शिवत नाही त्या शहरात.

बसचा धोका वेगळा. कोंडाईबारीचा घाट फार उंच नव्हे, पण रात्री तो फसवा आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये मलकापूरहून सुरतेकडे येणारी खासगी बस तेथे पुलावरून खाली कोसळली आणि प्रवासी प्राणास मुकले. दिवसभराचे काम उरकून रातोरात परतण्याच्या धडपडीत आपली माणसे हाच घाट उतरतात, म्हणून ही बातमी कडोदऱ्यात ज्या रीतीने ऐकली गेली तशी ती अन्यत्र ऐकली गेली नसेल.

गेल्या काही वर्षांत दोन्ही वाहनांनी आपापल्या भक्तांना आळीपाळीने दगा दिला. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे प्रवासी गाड्या थांबल्या. पुन्हा सुरू झाल्या त्या साध्या पॅसेंजर गाड्या जलद गाडीच्या भाड्याने, आणि जुने भाडे परत आले ते २०२४ च्या आरंभी. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस महाराष्ट्रातील एस.टी. कर्मचाऱ्यांचा दीर्घ संप सुरू झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. त्या सहा महिन्यांत साक्रीकडील बसनिष्ठ मंडळी नंदुरबारपर्यंत गाडीने आणि पुढे जीपने जाताना दिसत होती. वडिलांचाच मार्ग, पन्नास वर्षांनी.

निवडीची ही चर्चा करताना एका वर्गाचे स्मरण ठेवले पाहिजे. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीचे कोयते नंदुरबार-धुळे आणि डांगमधून दक्षिण गुजरातच्या कारखान्यांकडे निघतात. ते ना बसने येतात ना गाडीने. मुकादमाच्या ट्रकमध्ये चूल, कोंबड्या आणि लेकरे यांच्यासह ते येतात आणि हंगाम संपेपर्यंत परतत नाहीत. याच चार रस्त्यावरून ते ट्रक वळतात. त्यांच्यातल्या एखाद्याच्या घरी मरण झाले, तर त्याने दिवसात जाऊन कसे यावे, याचे उत्तर वेळापत्रकात मिळत नाही.

सध्या कडोदऱ्याच्या आसपास बोलणे चालते ते बुलेट ट्रेनचे. मुंबई-अहमदाबाद द्रुतगती मार्गाचे सुरत स्थानक आपल्याजवळच अंत्रोलीला आहे. आमच्या शेजारचे एक वृद्ध गृहस्थ मला परवा कुतूहलाने विचारीत होते, "ही शिंदखेड्याला थांबेल का?" मी त्यांना धुळ्याची बातमी सांगितली. धुळे-नरडाणा मार्गाची कोनशिलाही २०१९ च्या त्याच कार्यक्रमात बसली होती, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड-इंदूर हा नवा मार्ग मंजूर केला, तोही धुळ्यावरून जातो. १९०० साली सुटलेले ते पन्नास किलोमीटर भरले, तर चलथाणहून निघालेला माणूस नरडाण्याला गाडी बदलून रुळांवरूनच धुळ्यात उतरेल. गृहस्थ मूळचे धुळ्याजवळचे. जन्मभर बसने गेलेले. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि विचारले, "आणि संध्याकाळी परतायला गाडी असेल ना?"