रेट्रो लूकचा शॉर्टवेव्ह रेडिओ: घेण्याआधी काय बघायचं, घेतल्यावर कसा वापरायचा

लाकडी रंगाची पेटी, समोर मोठी गोल चकती, वर पट्टा आणि ओढून लांब करायची अँटेना. असे रेडिओ सध्या ऑनलाइन दुकानांत भरपूर दिसतात. खाली वर्णनात ‘एफएम, एएम, एसडब्ल्यू, ब्लूटूथ, यूएसबी, टॉर्च’ अशी लांबलचक यादी असते. यातलं एसडब्ल्यू, म्हणजे शॉर्टवेव्ह, सोडलं तर बहुतेक कामं तुमचा फोन आधीच करतो. त्यामुळे असा रेडिओ घ्यायचा तर तो शॉर्टवेव्ह कसा पकडतो, एवढ्यावरच पैसे द्यायचे की नाही ते ठरवा. आणि नेमकं तेच फोटो बघून कळत नाही.

शॉर्टवेव्ह म्हणजे नक्की काय

३ ते ३० मेगाहर्ट्झ या पट्ट्याला शॉर्टवेव्ह म्हणतात. आपला एफएम ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर असतो आणि त्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. म्हणून शहर मागे पडलं की घाटात स्टेशन गायब होतं. मीडियमवेव्ह आपल्याकडे ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ. रेडिओवर ‘एएम’ लिहिलेलं असतं ते बहुधा हेच. या लहरी दिवसा जमिनीला धरून बऱ्याच लांब जातात.

शॉर्टवेव्हची गंमत वेगळी आहे. तिच्या लहरी वर जातात, आयनोस्फिअर नावाच्या वातावरणाच्या विद्युतभारित थरावरून वळून परत खाली येतात, जमिनीवर आपटून पुन्हा वर जातात. अशा टप्प्यांनी त्या हजारो किलोमीटर कापतात. मध्ये केबल नाही, सॅटेलाइट नाही, सर्व्हर नाही. चीन किंवा रोमेनियातल्या ट्रान्समीटरवरून निघालेली लहर थेट तुमच्या गच्चीवर. माझं रोजचं काम सर्व्हरवर चालतं, त्यामुळे असेल कदाचित, पण मला हे अजूनही भारी वाटतं.

जुन्या रेडिओवर ‘३१ मीटर’, ‘४१ मीटर’ असं लिहिलेलं असायचं. ती लहरीची लांबी. ३००ला मेगाहर्ट्झनं भागलं की मीटर मिळतात: ९.६ मेगाहर्ट्झ म्हणजे साधारण ३१ मीटर.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. ‘शॉर्टवेव्ह रेडिओ’ नावाचे ॲप फोनला शॉर्टवेव्ह रेडिओ बनवत नाहीत. फोनमध्ये त्या लहरी पकडणारं सर्किटच नसतं, ॲप इंटरनेटवरून आवाज आणून ऐकवतं.

आधी हे माहीत असू द्या: आता काय ऐकू येतं

असे रेडिओ बरेचदा आजी-आजोबांना भेट म्हणून घेतले जातात. त्यांच्या आठवणीतली शॉर्टवेव्ह म्हणजे रेडिओ सिलोन, १९५२ साली तिथे सुरू झालेली अमीन सयानींची बिनाका गीतमाला, रात्रीची बीबीसी हिंदी. ती शॉर्टवेव्ह आता नाही. गीतमाला १९८९ मध्ये विविध भारतीवर आली. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण ३१ जानेवारी २०२० ला थांबलं. माझ्या एका मित्रानं आजोबांच्या पंच्याहत्तरीला असा सेट आणला. आजोबा तीन संध्याकाळी काटा फिरवत बसले, ओळखीचं काही लागेना, आणि शेवटी ‘रेडिओ खराब निघाला’ म्हणून तो माळ्यावर गेला. रेडिओ ठीक होता. स्टेशनंच राहिली नव्हती. ते कोणी आधी सांगितलं असतं तर आजोबांना वाईट वाटलं नसतं.

मग आता उरलंय काय? चायना रेडिओ इंटरनॅशनल सगळ्यात सहज सापडतं, अनेक भाषांत. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसचं इंग्रजी, जपानचं एनएचके, कोरियाचं केबीएस, रेडिओ रोमेनिया, तुर्कीचं टीआरटी, अरबी आणि फारसी स्टेशनं, धार्मिक प्रसारणं. १०,००० किलोहर्ट्झच्या आसपास घड्याळासारखी टिकटिक ऐकू आली तर ते चीनचं वेळेचं स्टेशन असू शकतं.

मराठी बातम्या आणि गाणी ऐकायची असतील तर शॉर्टवेव्हच्या मागे लागू नका. त्यासाठी आकाशवाणीचं मीडियमवेव्ह आणि एफएम आहे, नाहीतर न्यूजऑनएअर ॲप. आजोबांसाठी घेणार असाल तर मीडियमवेव्ह चांगलं पकडणारा, मोठ्या आवाजाचा, दोनच नॉब असलेला साधा सेट घ्या. शॉर्टवेव्ह स्वतःच्या हौसेसाठी घ्या.

काट्याचं गणित

रेट्रो सेटचा सगळा रुबाब त्या काट्यात असतो आणि खरी अडचणही तिथेच. शॉर्टवेव्हवर स्टेशनं ५ किलोहर्ट्झच्या अंतरानं लावलेली असतात. समजा रेडिओवर एसडब्ल्यूचा एकच पट्टा आहे, ७ ते २२ मेगाहर्ट्झ, आणि काटा सरकतो ती पट्टी १० सेंटीमीटरची आहे. म्हणजे १५,००० किलोहर्ट्झ १०० मिलिमीटरमध्ये बसवलेत. एका मिलिमीटरमध्ये १५० किलोहर्ट्झ, म्हणजे ३० स्टेशनांच्या जागा! बोट जरा हललं की तुम्ही दहा जागा पुढे. स्टेशन सापडलं तरी ते कोणतं हे काट्यावरून कळणार नाही, आणि उद्या पुन्हा तिथेच पोचणं नशिबावर.

आता दुसरा सेट बघा. त्यावर एसडब्ल्यू १ ते एसडब्ल्यू ७ किंवा ८ असे तुकडे पाडलेत आणि एका तुकड्यात फक्त ९.४ ते ९.९ मेगाहर्ट्झ आहे. तीच १० सेंटीमीटरची पट्टी, पण आता एका मिलिमीटरला ५ किलोहर्ट्झ, म्हणजे एक जागा. हा काटा वापरता येतो. म्हणून काट्याचा रेडिओच हवा असेल तर फोटो झूम करा आणि पट्टीवरचे आकडे वाचा. एसडब्ल्यू १ आणि २ असे दोनच लांबलचक पट्टे असतील आणि बारीक ट्यूनिंगचा वेगळा नॉब नसेल, तर तो सेट शोभेचा आहे असं धरून चाला.

या तुकड्यांच्या सेटमध्ये मधल्या जागा सुटतात, पण मोठी स्टेशनं बहुतेक ठरलेल्या पट्ट्यांतच असतात: ४९ मीटर म्हणजे ५.९ ते ६.२ मेगाहर्ट्झ, ४१ म्हणजे ७.२ ते ७.४५, ३१ म्हणजे ९.४ ते ९.९, २५ म्हणजे ११.६ ते १२.१, १९ म्हणजे १५.१ ते १५.८. एवढे पाच असले तरी सुरुवातीला पुरेत.

डिजिटल आकडा दाखवणारा सेट घेतलात तर हा प्रश्नच मिटतो. ९,६०० टाइप केलं की ९,६००. दिसायला कमी रोमँटिक, पण शिकायला दहापट सोपा. गंमत म्हणजे काट्याच्या बऱ्याच नव्या सेटमध्येही आत आता छोटी डीएसपी चिपच असते. बाहेर १९७०, आत स्मार्टफोनच्या काळातलं सर्किट. त्यात वाईट काही नाही, फक्त ‘जुन्या पद्धतीचा अस्सल रेडिओ’ म्हणून कोणी जास्त पैसे मागितले तर देऊ नका.

वर्णनात आणखी काय वाचायचं

मीडियमवेव्हची पायरी. आपल्याकडे स्टेशनं ९ किलोहर्ट्झच्या अंतरानं असतात, अमेरिकेत १०. डिजिटल सेट १० वर अडकलेला असेल तर पुणे आकाशवाणीचं ७९२ लागणारच नाही, ७९० किंवा ८०० वर थांबावं लागेल आणि आवाज फाटका येईल. ९/१० बदलायची सोय असल्याची खात्री करा.

एफएम १०८ पर्यंत जातो ना, तेही बघा. जपानसाठी बनवलेले काही जुने सेट ९० च्या आसपास संपतात.

एसएसबी असं लिहिलं असेल तर तो वरच्या दर्जाचा सेट. हॅम रेडिओवाले एसएसबी पद्धतीनं बोलतात आणि साध्या रेडिओवर ते नाकातून कुजबुजल्यासारखं, न समजणारं ऐकू येतं. एसएसबी असलेल्या सेटवर ७ ते ७.२ मेगाहर्ट्झमध्ये भारतातले हॅम गप्पा मारताना सापडतात, सकाळी जरूर शोधा. बोलायला मात्र केंद्र सरकारची परीक्षा देऊन मिळणारा परवाना लागतो. टेकसनचा पीएल-३३० किंवा एक्सएचडेटाचा डी-८०८ हे एसएसबीवाले छोटे सेट हौशी लोकांत चांगले लोकप्रिय आहेत. दिसायला ते रेट्रो नाहीत. बाहेरून मागवायचे झाले तर कस्टम ड्युटी आणि परत पाठवायची कटकट हिशोबात धरा.

बॅटरी बाजारात सुटी मिळते का, हे बघाच. काही सेटमध्ये १८६५० सेल असतो, पीएल-३३० मध्ये जुन्या नोकियाची बीएल-५सी. दोन्ही सहज मिळतात. आत चिकटवलेली, बदलता न येणारी बॅटरी असेल तर दोन-तीन वर्षांनी रेडिओ कपाटात.

सोलर पॅनल, हँडल फिरवून चार्जिंग, टॉर्च, मेमरी कार्ड या गोष्टींना मी शून्य मार्क देतो. पाहिजे तर बोनस समजा. पूर आला, टॉवर बंद पडले, तर बॅटरीवरचा रेडिओ खरंच कामाला येतो, पण तेव्हा ऐकायचं असतं जवळचं एफएम आणि मीडियमवेव्ह.

पैसे द्यायच्या आधी फुकट ऐकून बघा

नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर नावाचा रिसीव्हर आहे. फोनच्या ब्राउझरमध्ये उघडतो, खाली सगळा शॉर्टवेव्ह पट्टा चित्रासारखा सरकताना दिसतो, बोटानं ट्यून करायचं. तिथे ऐकू येतं ते युरोपातून, आपल्या गच्चीवरून नाही. पण खरखर, मध्येच विरणारा आवाज, अनोळखी भाषा हे सगळं जसंच्या तसं. चार-पाच संध्याकाळी अर्धा तास ऐका. कंटाळा आला तर तुमचे पैसे वाचले, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून पुन्हा उघडलंत तर ऑर्डर करायला हरकत नाही.

घरी आल्यावर

पहिल्या दिवशी बहुतेकांना फक्त ‘घर्रर्र’ ऐकू येतं. कारण साधारणपणे रेडिओ नसून घर असतं. एलईडी बल्ब, मोबाइल चार्जर, वायफाय राउटर, सेट-टॉप बॉक्स, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, इन्व्हर्टर हे सगळे शॉर्टवेव्हवर कचरा फेकतात. शिवाय सिमेंट आणि सळयांच्या भिंती बाहेरचा सिग्नल अडवतात.

एक प्रयोग करा. रेडिओ ९ मेगाहर्ट्झच्या आसपास लावा आणि चालू चार्जरजवळ न्या. आवाज वाढला ना? आता घरभर फिरा. कुठलं उपकरण सर्वात जास्त गोंगाट करतं ते दहा मिनिटांत कळेल. रेडिओ कधीही चार्जिंगला लावून ऐकू नका, बॅटरीवरच चालवा. खिडकीपाशी, शक्य असेल तर गच्चीत जा. गावी गेलात की नक्की न्या. आणि लोडशेडिंग झालं तर वैतागायच्या आधी रेडिओ लावून बघा. आजूबाजूची उपकरणं गप्प झाली की शॉर्टवेव्ह अचानक स्वच्छ होते.

अँटेना पूर्ण ओढा. ती पुरत नसेल तर इलेक्ट्रिकच्या दुकानातली साधी पाच-सात मीटर वायर घ्या, एक टोक सोलून क्रोकोडाइल क्लिपनं अँटेनाला लावा, बाकीची खिडकीबाहेर किंवा गच्चीत ताणा. विजेच्या तारांपासून लांब, आणि पावसाचं वातावरण झालं की काढून आत घ्या. यात आळस नको. खूप लांब वायरही लावू नका, स्वस्त सेट गोंधळतो आणि एकच जोरदार स्टेशन चार ठिकाणी वाजायला लागतं. मीडियमवेव्हला या अँटेनाचा सहसा उपयोग नाही. त्याची फेराइटची कांडी आत असते, म्हणून आवाज नीट येईपर्यंत अख्खा रेडिओच फिरवायचा.

वेळेचा नियम सोपा: दिवसा मोठे आकडे, रात्री छोटे. उन्हामुळे वातावरणात खालचा एक थर तयार होतो आणि तो कमी मेगाहर्ट्झच्या लहरी गिळतो. सूर्य मावळला की तो विरतो. दुपारी १३ ते १७ मेगाहर्ट्झ फिरवा, संध्याकाळी सातनंतर ३१ आणि २५ मीटर, उशिरा ४१ आणि ४९. सुरुवात संध्याकाळी ३१ मीटरनं करा, निराशा होणार नाही. कधीकधी भर दिवसा सगळी शॉर्टवेव्ह एकदम मेल्यासारखी वाटते. तेव्हा रेडिओ न उघडता सौर ज्वालेची बातमी शोधा, कारण सूर्यावरच्या मोठ्या स्फोटानं दिवसाच्या बाजूचं प्रसारण काही वेळ खरंच बंद पडतं.

मीडियमवेव्हवर किंवा शॉर्टवेव्हवर एकसुरी, न थांबणारा जाडसर खरखराट एखाद्या ठिकाणी लागला तर ते डीआरएम हे डिजिटल प्रसारण असू शकतं. आकाशवाणीनंही ते वापरलंय. साध्या सेटला ते उलगडत नाही, पुढे जा.

ऐकतोय ते स्टेशन कोणतं हे शोधायला फोन कामाला लावा. शॉर्ट-वेव्ह डॉट इन्फो या साइटवर आकडा टाकला की त्या वेळी तिथे कोण आहे ते दिसतं. वेळा यूटीसीमध्ये असतात, त्यात साडेपाच तास मिळवायचे: १३:३० म्हणजे आपले संध्याकाळचे सात. वेळापत्रक वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. एप्रिलमध्ये नेहमीचं स्टेशन जागेवर दिसलं नाही तर नवा आकडा शोधा. तारीख, वेळ, आकडा आणि काय ऐकलं ते वहीत टिपून ठेवा. हाच तपशील ईमेलनं कळवला तर काही स्टेशनं अजूनही क्यूएसएल कार्ड नावाचं पोचपत्र पोस्टानं पाठवतात. परीक्षेच्या काळात रेडिओ महिनाभर बंद राहणार असेल तर बॅटरी अर्धी चार्ज करून बाहेर काढून ठेवा.