तुडतुडा आणि नीवार

तपकिरी तुडतुडा आपण पाहिला आहे काय? तांदळाच्या दाण्याहून लहान असा हा किडा पानावर सहसा दिसायचा नाही. चुडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या जरा वर, सावलीला बसून तो रस शोषतो. म्हणून होते काय, की बांधावरून पाहावे तर शेत हिरवेगार. आणि थोड्याच दिवसांत खाचराच्या मध्ये गोल गोल जागी पीक वाळून जाते. जणू कुणी निखारे ओतले! या किड्याने गेल्या साठ वर्षांत माणसाला जो धडा शिकवला, त्याची हकीकत आज सांगायची आहे.

तुडतुडा काही नवा नव्हे. जपानात १७३२ साली तुडतुड्यांच्या झुंडींनी भात बुडवले आणि मोठा दुष्काळ पडला. परंतु उष्ण मुलखात, म्हणजे आपल्याकडे, फिलिपाइन्समध्ये किंवा इंडोनेशियात, तो किरकोळ कीडच समजला जाई. मग तो एवढा माजला कसा?

१९६० साली फिलिपाइन्समध्ये लॉस बान्योस येथे आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था निघाली. त्या काळच्या भाताची मुख्य अडचण म्हणजे उंची. खत घालावे तर रोप उंच वाढे आणि दाणा भरताच लोळे. संशोधकांनी इंडोनेशियाच्या ‘पेटा’ या उंच जातीचा तैवानच्या एका ठेंगण्या जातीशी संकर केला. त्यातून १९६६ साली आय. आर. ८ ही जात बाहेर पडली. ताठ खोड, भरपूर फुटवे आणि खताला दाद देणारी! आशियातील कोट्यवधी तोंडांना या संशोधनाने घास दिला, हे आधी कबूल केले पाहिजे.

पण शेताचा नूर पालटला. दाट लावणी आली, नत्राची मात्रा वाढली, पाण्याच्या सोयीने एका पिकामागे दुसरे पीक उभे राहू लागले. तुडतुड्याला बारमाही पंगत मिळाली. त्यातच कीटकनाशकांचे फवारे सुरू झाले. औषधाने तुडतुडा मरायला हवा होता, घडले उलटेच. त्याची अंडी पानाच्या आवरणाच्या आत असतात, तिथे औषध पोचत नाही. मेले ते उघड्यावर फिरणारे कोळी आणि तुडतुड्याची अंडी खाणारे ढेकूण. राखणदार मारले गेले आणि चोराची पिल्ले सुखाने बाहेर आली! १९७३-७४ साली केरळातील कुट्टनाडात तुडतुड्याने हाहाकार केला. फिलिपाइन्स आणि इंडोनेशियातही तेच झाले. शिवाय हा किडा एक विषाणूही पसरवतो. त्याने रोप गवतासारखे खुरटते आणि लोंबी धरत नाही.

आता या रोगाला दाद न देणारा भात शोधायचा. संस्थेने संग्रहातील सुमारे ६,००० नमुने तपासले. लागवडीच्या भातात एकही टिकला नाही. टिकले ते उत्तर प्रदेशातून आलेल्या रानभाताच्या एका नमुन्यातले काही रोप. या रानभाताचे शास्त्रीय नाव ओरायझा निवारा. संस्कृत जाणणाऱ्यांना ओळख पटली असेल: आश्रमातील ऋषिमुनी ज्यावर गुजराण करीत, तोच हा नीवार. तळ्याकाठी आपोआप उगवणारा, पिकताच दाणे गाळून टाकणारा, शेतात शिरला तर शेतकरी तण म्हणून उपटतो असा.

पंजाबात जन्मलेले डॉ. गुरुदेव सिंग खुश आणि त्यांचे सहकारी यांनी नीवाराचा हा एक गुण लागवडीच्या भातात उतरवला. १९७६ साली आलेल्या आय. आर. ३६ या जातीत तो होता आणि तुडतुड्याला तोंड देण्याचा दुसरा गुणही होता. ही जात सुमारे ११० दिवसांत तयार होई. १९८० नंतरच्या दशकात तिचे क्षेत्र १ कोटी १० लाख हेक्टरांवर गेले.

मग गोष्ट संपली का? नाही. १९७३ ची आय. आर. २६ ही तुडतुड्याला न जुमानणारी म्हणून दिलेली जात दोन-तीन वर्षांतच बळी पडली होती. कारण लाखो तुडतुड्यांत काही थोडे असे असतातच, की ज्यांना ती जात पचते. तेवढेच जगतात आणि त्यांचाच वंश वाढतो. नुसत्या बियाण्यावर विसंबून भागत नाही, हे तेव्हा कळले.

पुढचे पाऊल इंडोनेशियाने टाकले. १९८४ साली तो देश तांदळात स्वयंपूर्ण झाला आणि लगेच जावा बेटावर तुडतुडा पुन्हा उसळला. नोव्हेंबर १९८६ मध्ये सरकारने भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. औषधांवरचे सरकारी अनुदानही पुढे काढून घेतले. पीक बुडेल अशी धास्ती होती. पीक बुडाले नाही. १९८९ पासून तिथे शेतकऱ्यांच्या शेतशाळा भरू लागल्या. फळा म्हणजे शेत. दर आठवड्याला चूड वाकवून बघायचे: तुडतुडे किती, कोळी किती? मगच काय ते ठरवायचे.

आपल्या कोकणात आणि भंडारा-गोंदियाकडे भात करणाऱ्यांनी यातून घेण्याजोगे बरेच आहे. बांधावरून नव्हे, बुंध्याशी वाकून पाहा. नत्र एकदम न ओतता हप्त्याहप्त्याने द्या. लावणीत ठरावीक अंतराने मोकळे पट्टे सोडा, म्हणजे ऊन-वारा खेळतो. कोळ्याला मारू नका. तो आपला बिनपगारी राखणदार आहे.

आणि गुरुजी, एखाद्या सकाळी मुलांना तळ्याकाठी घेऊन जा. रानभात दिसला तर दाखवा आणि सांगा, की याच्याच एका भावंडाने आशियाचे भात रोगापासून वाचवले. तळी बुजली, काठ नांगरले गेले, तर तो नाहीसा होईल. पुढचा रोग येईल तेव्हा लागणारा गुण कोणत्या तणात दडला आहे, हे आज कोणालाच सांगता येणार नाही.