संगणकाच्या पहिल्या धड्याचा मागोवा

अकोल्याहून हिंगोली-पूर्णेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर बार्शीटाकळी हे तालुक्याचे गाव आहे. येथील भवानीच्या प्राचीन मंदिरात शके १०९८ चा, म्हणजे इ. स. ११७६-७७ च्या सुमाराचा शिलालेख आहे. आपण सगळे या मंदिराला सवयीने हेमाडपंती म्हणतो. पण ज्याच्या नावावरून ही शैली ओळखली जाते तो यादवांचा मंत्री हेमाद्री तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, आणि शिलालेख त्याच्या जवळपास शंभर वर्षे आधीचा. त्या काळी दगडावर काय कोरायचे हे राजसत्तेने ठरवावे, कोरणाऱ्याने कोरावे आणि वाचता येणाऱ्या मोजक्यांनी वाचावे, अशी रीत होती. आज याच गावातला विद्यार्थी दहावीनंतरच्या सुट्टीत संगणकाच्या वर्गाला नाव घालतो तेव्हा त्याला कोणता पहिला धडा द्यावा, हा प्रश्न त्या शिलालेखाइतक्याच जुन्या वाटेने येथवर आला आहे. नोंद कोणाला लिहिता येते आणि कोणाला वाचता येते, हाच त्याचा गाभा.

शिलालेखानंतरचे मोठे वळण कागदाचे आणि मोडीचे. बोरू न उचलता सलग लिहायची ही लिपी मराठी मुलखाच्या कारभाराची लिपी झाली. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती दिला, १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. वरचे साहेब बदलले, तरी गावातली जमिनीची नोंद पटवाऱ्याच्या दप्तरातच राहिली. शेत ज्याचे त्याला आपल्याच शेताचा कागद वाचता येत नसे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांत मोडीचे धडे होते, ते पुढे बंद झाले. आज घरच्या पेटीतले जुने खत उलगडायला मोडीचा जाणकार शोधत फिरावे लागते. लिपी बदलली की मागची सगळी नोंद मुकी होते, हा अनुभव आपल्याला पुढे आणखी एकदा यायचा होता.

तिकडे अमेरिकेत मिलवॉकीच्या ख्रिस्तोफर शोल्स याने १८६८ मध्ये टंकयंत्राचे पेटंट घेतले आणि १८७३ मध्ये रेमिंग्टन या बंदुका बनवणाऱ्या कंपनीने त्याच्या यंत्राचे उत्पादन हाती घेतले. आज मोबाइलवर दिसणारी इंग्रजी अक्षरांची मांडणी त्याच काळातली. १८८८ मध्ये सिनसिनाटी येथे झालेल्या एका स्पर्धेत फ्रँक मॅकगरिन याने कळांकडे न पाहता दहा बोटांनी टंकलेखन करून बाजी मारली आणि ‘बघून’ टंकणे मागे पडले. आपल्याकडे हे यंत्र आधी इंग्रजी कचेऱ्यांत आले. १९५५ मध्ये गोदरेजने देशी बनावटीचे टंकयंत्र बाजारात आणले. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठीला राज्यकारभाराच्या भाषेचे स्थान दिले. मग मराठी टंकलेखन येणारी माणसे हजारोंनी लागू लागली, आणि तालुक्या-तालुक्याच्या बाजारपेठेत जिन्यावरच्या खोल्यांतून टायपिंगचे क्लास उभे राहिले. मराठी मिनिटाला तीस शब्द, इंग्रजी चाळीस शब्द, ही लिपिक-टंकलेखकाच्या पदाची अट दोन-तीन पिढ्यांना पाठ होती. पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेचे प्रमाणपत्र हातात आले की जिल्हा परिषदेच्या जाहिरातीची वाट पाहायची. कोरडवाहू शेतीतून एखादे तरी लेकरू बाहेर काढायचे तर वऱ्हाडातल्या घरांना हा रस्ता परवडण्यासारखा होता. या क्लासांनी ‘पायाभूत कौशल्य’ म्हणजे काय हे फार नेमके ठरवले होते: बोटे योग्य कळांवर, नजर कागदावर, परिच्छेद सोडलेला, समास राखलेला, चूक शून्य. माझ्या मते ही शिस्त नंतरच्या कोणत्याही अभ्यासक्रमाला तितकी साधली नाही.

संगणक शिकवण्याची कल्पना मात्र वेगळ्या घरात जन्मली. मे १९६४ मध्ये डार्टमथ महाविद्यालयात केमेनी आणि कुर्ट्झ या दोन गणितज्ञांनी विज्ञानाबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही प्रोग्रॅम लिहिता यावा म्हणून बेसिक ही सोपी भाषा चालू केली. १९७२ मध्ये आर्थर लुअरमन याने, संगणकाने विद्यार्थ्याला शिकवावे की विद्यार्थ्याने संगणकाला, असा प्रश्न एका निबंधात विचारला. संगणक-साक्षरता या कल्पनेचा उगम त्याच्याकडे सांगतात. बीबीसीने १९८२ मध्ये दूरचित्रवाणीवरून ही साक्षरता घरोघरी नेली आणि त्यासाठी बीबीसी मायक्रो नावाचा संगणक बनवून घेतला. तोच संगणक १९८४ मध्ये ‘क्लास’ प्रकल्पातून भारतातल्या सुमारे अडीचशे शाळांत आला. देशभरात अडीचशे! अशा वाटपात तालुक्याच्या शाळेच्या वाट्याला फारसे काही येत नसते. तेव्हा पहिला धडा म्हणजे बेसिकमधल्या चार ओळी. यंत्राला सांगितलेले यंत्र करते, हा साक्षात्कार त्यात होता.

नव्वदच्या दशकात खिडक्यांची आणि माउसची यंत्रे आली आणि व्याख्याच उलटली. प्रोग्रॅम लिहिणे तज्ज्ञांकडे गेले. इतरांना पत्र तयार करणे, तक्ता मांडणे, ईमेल पाठवणे आले की पुरे. २००१ मध्ये राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या पुढाकाराने महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाने ही नवी व्याख्या गावोगावच्या केंद्रांत पोहोचवली. आजवर एक कोटीहून अधिक जणांनी तो अभ्यासक्रम केला. मराठीतून शिकण्याची सोय त्यात होती, हे मोठे काम. पण सरकारी नोकरीसाठी संगणक अर्हता सक्तीची झाल्यावर पुष्कळांच्या लेखी शिकण्यापेक्षा प्रमाणपत्र मोठे ठरले.

याच वर्षांत मोडीचा अनुभव पुन्हा आला. पुण्याच्या सी-डॅक या संगणक संस्थेने भारतीय लिप्यांचे तंत्र सिद्ध केले होते, इन्स्क्रिप्ट हा सर्व भारतीय लिप्यांना सामाईक कळफलक १९८६ मध्येच तयार होता, १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठीचे आयएससीआयआय मानक आले आणि जगातल्या लिप्यांसाठीच्या युनिकोड मानकाच्या त्याच वर्षीच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली. तरीही छापखान्यांत आणि कचेऱ्यांत ज्याचा त्याचा फाँट चालू राहिला. एका यंत्रावर टंकलेला मराठी मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला की निरर्थक चिन्हे दिसत. त्या काळातले कितीतरी मराठी लेखन आज संगणकात असूनही शोधता येत नाही, आणि याची मला मनापासून हळहळ वाटते. पहिल्या धड्यात युनिकोड मराठी शिकवली असती तर हे टळले असते.

ऑगस्ट २०१७ मध्ये राज्यात टंकयंत्रावरची शेवटची सरकारी परीक्षा झाली आणि ती खडखड थांबली. त्याच वर्षी केंद्र सरकारने ग्रामीण कुटुंबांसाठी वीस तासांचा डिजिटल साक्षरतेचा कार्यक्रम सुरू केला. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा संकेतस्थळावरून मिळू लागला, आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर पिकाचा फोटो काढून पऱ्हाटी, तूर, सोयाबीनची नोंद करायची झाली. शतकानुशतके पटवाऱ्याच्या, पुढे तलाठ्याच्या दप्तरात असलेली लेखणी प्रथमच शेतकऱ्याच्या हातात आली. ती चालवता आली नाही तर तो सेवा केंद्राच्या रांगेत उभा राहतो, आपला ओटीपी परक्याला सांगतो आणि नोंद पुन्हा दुसऱ्याच्याच हाती जाते.

म्हणून तालुक्याच्या गावी संगणकाचा वर्ग चालवणाऱ्या सर आणि मॅडमना एक विनंती. चित्र रंगवण्याचा आणि अक्षरांना नक्षी देण्याचा तास नंतर घ्या. पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्याला इन्स्क्रिप्टवर मराठी टंकायला बसवा, जुन्या टायपिंग क्लासच्या शिस्तीने. फाइलला नीट नाव देऊन ती महिन्याने पुन्हा शोधून काढायला सांगा. सरकारी संकेतस्थळ आणि त्याची नक्कल केलेले फसवे पान शेजारी शेजारी दाखवा. पासवर्ड आणि ओटीपी कोणालाच का सांगायचा नाही ते समजावा. मग प्रत्येकाला आपल्या घरचा सातबारा स्वतः काढू द्या आणि त्यातला रकाना न रकाना वर्गात मोठ्याने वाचून घ्या.