मलकपेठेतला मुसाराम आणि गालिसियातले रेमुंदेस

हैदराबादच्या मेट्रोने दिलसुखनगरच्या बाजूला निघालात की मलकपेठ, मग न्यू मार्केट आणि त्यानंतर मुसाराम बाग अशी स्थानकं लागतात. हा भाग २०१८ साली सुरू झाला. मुसाराम बाग हे नाव पाटीवर वाचून बाहेरच्या माणसाला काय वाटेल? कुणी मुसाराम नावाचा शेठ असेल, त्याची बाग असेल. मुसी नदी जवळच आहे, तेव्हा नदीवरूनही नाव पडलं असेल. मलाही आधी तसंच वाटलं होतं.

पण हा मुसाराम म्हणजे एक फ्रेंच माणूस. मिशेल जोआकिम मारी रेमंड. जन्म १७५५, नैर्ऋत्य फ्रान्समधल्या सेरिन्याक गावचा. १७७५ साली पुदुच्चेरीला आला, काही काळ म्हैसूरकरांच्या पदरी होता, पुढे दुसरा असफजाह निजाम अली खान याच्या चाकरीत शिरला आणि तिथेच मोठा झाला. 'मुस्यू रेमंड' हे लोकांच्या जिभेला झेपेना. आपल्याकडे पेशवाईच्या कागदांत बुसीचा 'मुसाबुसी' झाला, त्याच चालीवर इथे मुस्यूचा मुसा झाला. मुसा हे तर पैगंबराचं नाव, मुसलमानांच्या ओळखीचं. मग त्यांनी पुढच्या रेमंडचा रहीम केला आणि हिंदूंनी राम केला. मुसा रहीम आणि मुसा राम. वस्तीला नाव राहिलं ते दुसरं.

मराठी वाचकाला हा माणूस परका नाही. ११ मार्च १७९५ ला खर्ड्याला आपल्या फौजा निजामाशी भिडल्या, तेव्हा निजामाच्या बाजूची कवायती पायदळं याच रेमंडची. समोर शिंद्यांच्या फौजेत पेरों होता, तोही फ्रेंच. म्हणजे अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या माळावर मराठे आणि मोगल लढत होते आणि दोन्हीकडच्या पलटणींना हुकूम फ्रेंच सरदारांचे. रेमंडच्या पलटणी बऱ्या लढल्या, पण निजाम रात्रीच खर्ड्याच्या किल्ल्यात जाऊन बसला आणि लढाई संपली. असो. खर्ड्याबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे, मला बोलायचं आहे ते आडनावाबद्दल.

रेमंड म्हटलं की आपल्याला सुटाचं कापड आठवतं. गोव्यात रेमंड म्हटलं की एखादा शेजारी, कारण तिथे ते पहिलं नाव असतं. त्याचंच पोर्तुगीज रूप रायमुंदो. मूळ शब्द जुन्या जर्मानिक भाषांतला आहे. 'रागिन' म्हणजे सल्ला, मसलत आणि 'मुंड' म्हणजे रक्षण. एडमंड, सिग्मंड यांतला मंड तोच. फ्रँक लोकांबरोबर हे नाव दक्षिण फ्रान्सात गेलं आणि तुलूझच्या सरदारघराण्यात इतकं रुजलं की तिथे सात रेमंड झाले. त्यातला चौथा पहिल्या क्रूसेडचा एक सेनापती. राजाचं नाव प्रजेच्या पोरांना ठेवायची चाल सगळीकडे असते. त्यामुळे त्या मुलखात गावोगाव रेमंड झाले आणि पुढे आडनावं पक्की झाली तेव्हा कितीतरी घरांना बापाचं किंवा आज्याचं हेच नाव चिकटलं. फ्रेंचांत मार्टिन, रॉबर्ट, बर्नार्ड ही आडनावं अशीच आली. प्रत्यय नाही, काही नाही, बापाचं नाव तसंच्या तसं. आपला सेनापती त्याच भागातला.

पिरेनीज डोंगर ओलांडून स्पेनमध्ये उतरलं की गोष्ट बदलते. तिथे बापाच्या नावाला 'एस' लावून मुलाची ओळख सांगत. लिहिताना शेवटी झेड, म्हणताना 'थ'कडे झुकणारा उच्चार. रोद्रिगोचा मुलगा रोद्रिगेस, फर्नांदोचा फर्नांदेस, गोन्सालोचा गोन्सालेस, आल्वारोचा आल्वारेस. हा प्रत्यय कुठून आला यावर विद्वानांची अजून एकवाक्यता नाही. आपल्या जुन्या मोडी कागदांत 'राणोजी बिन तुकोजी' किंवा 'वलद अमुक' असं लिहायचे, त्यातल्या बिन आणि वलदचंच काम हा 'एस' करायचा. फरक इतकाच की आपला बिन पुढच्या पिढीत बदलायचा आणि त्यांचाही बदलायचा, पण त्यांचा एका टप्प्यावर गोठला.

या रीतीने रायमुंदोचा मुलगा रायमुंदेस व्हायला हवा. झालाही. रायमुंदेस, रेमुंदेस, रेमोंदेस अशा रूपांनी हे आडनाव स्पेनमध्ये आहे, पण फार थोड्या घरांत. आणि ती घरं प्रामुख्याने एकाच कोपऱ्यात, वायव्येच्या गालिसियात. पोर्तुगालच्या डोक्यावर बसलेला हा प्रांत. भाषाही पोर्तुगीजची सख्खी बहीण.

गालिसियातच का, याचं उत्तर इतिहासात सापडतं आणि ते गोवेकराने वाचावं असं आहे.

अकराव्या शतकाच्या शेवटी लिओन-कास्तिलचा राजा सहावा अल्फोन्सो याच्याकडे फ्रान्सच्या बर्गंडीकडून दोन तरुण सरदार आले. एक रायमुंदो, दुसरा हेन्रिक. दोघे आधीच सोयरे, कारण एकाची बहीण दुसऱ्याच्या भावाला दिलेली. राजाने आपल्या दोन मुली त्यांना दिल्या. रायमुंदोला उर्राका आणि हेन्रिकला तेरेसा. म्हणजे दोघे साडू झाले. जावयांना मुलूखही दिला. रायमुंदोला गालिसिया आणि हेन्रिकला त्याच्या दक्षिणेचा पोर्तुकाले. हेन्रिकचा मुलगा अफोन्सो हेन्रिकेस, म्हणजे हेन्रिकचा अफोन्सो, हाच पुढे पोर्तुगालचा पहिला राजा झाला. आपल्या शाळेच्या पुस्तकांत, म्हणजे आजोबांच्या पोर्तुगीज शाळेतल्या पुस्तकांत, त्याचं नाव पहिल्या पानावर असे. आणि रायमुंदोच्या मुलाला लहानपणी म्हणत अल्फोन्सो रायमुंदेस. ११११ साली सांतियागोच्या कॅथेड्रलमध्ये त्याला गालिसियाचा राजा म्हणून अभिषेक झाला, पुढे तो सातवा अल्फोन्सो म्हणून गादीवर बसला आणि स्वतःला सम्राट म्हणवू लागला.

दोन मावसभाऊ. दोघांचंही नाव अल्फोन्सो किंवा अफोन्सो, फक्त बापाचं नाव वेगळं. हेन्रिकेस आणि रायमुंदेस. त्यातलं पहिलं समुद्रावरून गोव्यात आलं आणि आज आपल्या गावांत ते आडनाव म्हणून ऐकू येतं. दुसरं गालिसियाच्या डोंगरांत राहिलं.

इथे एक घोटाळा टाळायला हवा. गोव्यातले हेन्रिकेस त्या राजाचे वंशज नव्हेत आणि गालिसियातले रेमुंदेस सम्राटाचे. 'अमक्याचा मुलगा' एवढाच त्या आडनावाचा अर्थ, आणि अमके अनेक. तमिळ छपाईचा पाया घालणारा जेजुइत हेन्रिक हेन्रिकेस घ्या. १५७८ साली त्याचं तमिळ पुस्तक कोल्लमला छापलं गेलं. त्याच्या नावाचा शब्दशः अर्थ हेन्रिकचा हेन्रिक, इतकंच. राजाने नावाला चलन दिलं, रक्त नाही.

मग रोद्रिगेस, फर्नांदेस लाखांनी आणि रेमुंदेस मूठभर का? माझ्या मते तीन गोष्टी जुळून आल्या. एक म्हणजे रोद्रिगो, फर्नांदो, गोन्सालो ही नावं व्हिसिगॉथांबरोबर आधीच येऊन मुरली होती. मूळ तीही जर्मानिकच. म्हणजे आपल्या शेजारचा रोद्रिगीस आणि मलकपेठेतला रेमंड भाषेच्या मुळाशी एकाच अंगणातले. पण रायमुंदो हे नाव स्पेनच्या पश्चिमेला उशिरा, फ्रेंच सरदारांबरोबर आलं. दुसरं, जिथे ते नाव सर्वांत लोकप्रिय होतं त्या कातालोनियात 'एस' लावायची रीतच नव्हती. तिथे रामोन हेच आडनाव झालं. बार्सिलोनाचे सरदारही रामोनच. तिसरं म्हणजे वेळ. ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ साली प्रत्येक पाद्रीला लग्नांची आणि बाप्तिस्म्यांची नोंदवही ठेवायला लावलं. वही आली की नाव लिहावं लागतं, आणि लिहिलेलं नाव मग सहज बदलत नाही. त्या सुमारास घरात ज्याच्या बापाचं नाव रायमुंदो चालत आलं होतं, तो कायमचा रेमुंदेस झाला. असे फारसे कुणी नव्हते.

ही तारीख पाहून आपण थबकायला हवं. तिसवाडी, साष्टी, बारदेशात मोठ्या प्रमाणावर धर्मांतरं झाली तो काळ हाच, सोळाव्या शतकाचा उत्तरार्ध. युरोपात आडनावं वहीत गोठत होती, त्याच वर्षांत ती आपल्या गांवकरांच्या डोक्यावर पाण्याबरोबर ओतली गेली. कुणाला पाद्रीचं, कुणाला पाद्रिन्याचं, कुणाला एखाद्या पोर्तुगीज अधिकाऱ्याचं. एकाच घराण्याच्या शाखांना वेगवेगळी आडनावं मिळाली. ज्याच्या सात पिढ्यांत कुणी रोद्रिगो नव्हता, तो रोद्रिगोचा मुलगा झाला. कामत, प्रभू, नायक ही नावं घरातल्या बोलण्यात काही काळ तगली, काही ठिकाणी अजून तगून आहेत.

दुर्मिळ आडनाव पुढे जगतं कसं, हाही एक प्रश्न आहे. १८७३ साली इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टनने तो गणित म्हणून मांडला आणि वॉटसन नावाच्या पाद्री गणितज्ञाने तो सोडवायला घेतला. आडनाव फक्त मुलाकडून पुढे जात असेल, तर थोड्या घरांचं आडनाव काही पिढ्यांत विझायची शक्यता मोठी. एका घरात तीन मुली झाल्या की संपलं. स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावं असतात, पहिलं बापाचं, दुसरं आईचं. पण नातवाच्या वेळी आईकडचं गळतं. १९९९ पासून तिथे क्रम बदलता येतो आणि २०१७ पासून मूल जन्मल्यावर कुठलं आधी हे आईबापांनी सांगायचं असतं. दुर्मिळ आडनावाच्या मुलींना हा मोठाच आधार. तिथलं सरकारी सांख्यिकी खातं कुठलं आडनाव कुठल्या प्रांतात किती हे जाहीर करतं. सर्वांत वर गार्सिया, पहिलं आडनाव म्हणून सुमारे १४ लाख लोकांचं. रेमुंदेस शोधायला त्या यादीत फार खाली जावं लागतं. त्यात गालिसियाची माणसं पोटासाठी क्यूबाला आणि अर्जेंटिनाला गेली, इतकी की अर्जेंटिनात कुठल्याही स्पॅनिश माणसाला 'गालेगो' म्हणतात. आपले लोक मुंबईला, आफ्रिकेला आणि बोटींवर गेले तसे. त्यांच्याबरोबर आडनावंही गेली.

आता परत मलकपेठेत. आस्मानगढच्या बाजूच्या टेकडीवर रेमंडची कबर आहे. सुमारे ७ मीटर उंचीचा निमुळता दगडी स्तंभ आणि त्यावर जे आणि आर ही दोनच रोमन अक्षरं, जोआकिम रेमंड. जवळ खांबांचा एक ग्रीक थाटाचा मंडप. तो २००१च्या पावसात कोसळला होता, पुढे पुन्हा उभारला. रेमंड २५ मार्च १७९८ ला वारला. विष दिलं असंही बोललं गेलं, आत्महत्या असंही. इंग्रजांच्या पथ्यावर पडलं हे खरं. १ सप्टेंबरला निजामाने त्यांच्याशी तह केला आणि ऑक्टोबरात रेमंडच्या पलटणींची हत्यारं काढून घेतली गेली. त्याच्या सैन्याचं नाव पुसलं गेलं, पण त्याचं नाही. गेल्या शतकाच्या चाळिशीपर्यंत या कबरीवर दरवर्षी उरूस भरायचा आणि निजामाच्या घरून एक बाटली बिअर आणि चिरूटांची पेटी यायची, असं सांगतात. फ्रेंच माणसाच्या उरुसाला दुसरं काय पाठवणार!

मला राहून राहून एक गोष्ट टोचते. मुसाराम हे नाव परकं आहे असं हैदराबादेत कुणाला वाटत नाही. रिक्षावाला, भाजीवाली, मेट्रोतली घोषणा करणारी बाई, सगळे ते आपलं म्हणून उच्चारतात, कारण लोकांनी ते आपल्या तोंडाने घडवलं. आणि गोव्याबाहेर गेलेल्या आपल्या फर्नांडिसाला मात्र चारशे वर्षांनंतरही 'तुम्ही मूळचे कुठले?' असं विचारतात. मराठीत बोललो की आश्चर्य करतात, 'अरे वा, मराठी छान येतं!' म्हणतात. त्याची गावची जमीन, त्याची कोमुनिदाद, त्याच्या आजीच्या ओव्या, सगळं त्या आडनावाच्या मागे दिसेनासं होतं. आमच्या लोकांनीही आडनाव जिभेवर घोळवून फर्नांडिस, रोद्रीग, पिंट केलंच होतं. पण बोलण्यातलं ते रूप वहीत कुणी लिहिलं नाही. वही पाद्रीच्या हातात होती. मुसा रेमंडचं नाव वहीत नव्हतं, रस्त्यावर होतं.

गालिसियातल्या सांतियागोच्या कॅथेड्रलमध्ये बर्गंडीच्या रायमुंदोची कबर आहे. तिथे यात्रेकरूंची रीघ असते, कबर बघायला नव्हे, संत याकोबासाठी. मलकपेठेतल्या टेकडीवर मी गेलो तेव्हा दोन पोरं पतंग उडवत होती. मी विचारलं, हे कुणाचं? मोठा म्हणाला, "मुसारामसाब का." धाकटा म्हणाला, "नहीं, मुसारहीम का." आणि त्यांचं त्यावरून भांडण सुरू झालं.