तेल वगळून केलेला बहिष्कार

पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाची स्थापना झाली, तेव्हा त्याच्या घटनेतील सोळाव्या कलमावर जगाने मोठी भिस्त ठेवली होती. एखाद्या सभासद राष्ट्राने करार मोडून युद्ध पुकारले, तर ते सर्वांविरुद्ध पुकारलेले युद्ध समजावे आणि इतरांनी त्याच्याशी असलेला सर्व व्यापार तोडावा, असे ते कलम सांगत होते. तोफ न डागता आक्रमकाला वठणीवर आणण्याचा हा मार्ग होता. त्याची खरी कसोटी १९३५ साली लागली.

३ ऑक्टोबर १९३५ रोजी मुसोलिनीच्या फौजा ॲबिसिनियात, म्हणजे आजच्या इथिओपियात, घुसल्या. मराठीतला ‘हबशी’ हा शब्द ज्या देशाच्या अरबी नावावरून आला, तोच हा देश. १८९६ साली अडोवाच्या रणांगणावर त्याने इटलीला धूळ चारली होती. ते शल्य रोमला बोचत होते. ॲबिसिनिया १९२३ पासून राष्ट्रसंघाचा सभासद होता. सम्राट हेले सेलासी यांनी जिनीव्हात दाद मागितली. आठवड्याच्या आत इटली आक्रमक ठरली, ५० राष्ट्रांनी निर्बंधांना संमती दिली आणि १८ नोव्हेंबरपासून ते अमलात आले.

हे निर्बंध दिसायला कडक होते. इटलीला शस्त्रे व कर्ज देणे बंद झाले, तिचा माल घेणे बंद झाले, रबर, कथील, निकेल यांची तिच्याकडे होणारी निर्यात थांबली. परंतु यादी बारकाईने वाचली, म्हणजे तिचे मर्म कळते. अॅल्युमिनियम इटलीला विकण्यास बंदी होती. पण तो धातू इटलीत गरजेपेक्षा अधिक निघत असे. लोहखनिज देण्यास मनाई होती. पोलाद मात्र खुले होते. कोळसा व खनिज तेल यांसाठी इटली जवळजवळ सर्वस्वी परदेशांवर अवलंबून होती, आणि नेमक्या याच दोन वस्तू यादीत नव्हत्या. सुएझचा कालवाही खुलाच राहिला. नेहमीचा कर भरून इटलीची सैनिकी जहाजे त्यातून जात राहिली.

हे अनवधानाने घडले नव्हते. तेल अडवले तर युद्ध होईल, असा धाक मुसोलिनीने घातला होता. अमेरिका राष्ट्रसंघाबाहेर होती. आम्ही थांबलो तरी ती तेल विकील, ही सबब तयार होती. हिटलरविरुद्ध इटली आपल्या बाजूस राहावी, ही फ्रान्सची चिंता होती. डिसेंबरमध्ये ब्रिटनचे होर व फ्रान्सचे लाव्हाल यांनी ॲबिसिनियाचा मोठा भाग इटलीला देण्याची गुप्त योजना आखली. पॅरिसच्या वृत्तपत्रांनी ती फोडली आणि होर यांना पद सोडावे लागले. ताकाला जाऊन भांडे लपवण्याचा हा प्रकार होता.

अर्धवट शिक्षेने सैन्य तर अडले नाही, उलट इटलीतील जनता मुसोलिनीच्या मागे एकवटली. १८ डिसेंबरला तेथील स्त्रियांनी, खुद्द राणीनेही, लग्नाच्या अंगठ्या राष्ट्राला अर्पण केल्या. इकडे ॲबिसिनियाच्या गावांवर विमानांतून विषारी वायूचा मारा होत होता. ५ मे १९३६ रोजी अदिस अबाबा पडले. ९ मे रोजी देश खालसा झाला. ३० जूनला पदच्युत सम्राटांनी जिनीव्हाच्या सभेपुढे आपली कैफियत मांडली. आज आमच्यावर आलेली पाळी उद्या तुमच्यावर येईल, हा तिचा मथितार्थ. १५ जुलैला निर्बंध उठले.

हिंदुस्थान राष्ट्रसंघाचा सभासद होता, परंतु त्याचे धोरण लंडनमध्ये ठरे. जनतेचा कौल निराळा होता. मार्च १९३६ मध्ये रोममार्गे परतणाऱ्या जवाहरलाल नेहरूंनी मुसोलिनीची भेट घेण्याचे नाकारले, ते याच भावनेने.

१९३८ साली म्युनिकमध्ये मुसोलिनीने हिटलरला सांगितले, की तेल अडवले असते तर आठवड्याभरात माघार घ्यावी लागली असती. दुभाषा श्मिट याने हे नोंदवून ठेवले आहे. या बढाईखोराचे बोलणे शब्दशः खरे मानण्याचे कारण नाही. पण ज्या शस्त्राला आक्रमक भीत होता, तेच म्यानात राहिले, एवढे त्यातून निश्चित दिसते.

त्याची किंमत पुढे इतरांनी मोजली. १९४१ च्या मार्चमध्ये केरेनच्या कड्यांवर इटलीची फळी फोडताना हिंदी सैनिकांनी रक्त सांडले. त्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवानही होते. ५ मे १९४१ रोजी, बरोबर पाच वर्षांनी, हेले सेलासी राजधानीत परतले. जिनीव्हाने तेलावर जे वाचवले, त्याचा हिशेब अशा रीतीने केरेनच्या डोंगरात चुकता झाला.