रिठा : उपयोगाचा इतिहास

रिठा (सं. अरिष्टक, फेनिल, हिं. रीठा, कुल-सॅपिंडेसी) या वृक्षाच्या फळाचा मगज पाण्यात घुसळल्यास विपुल फेस येतो. महाराष्ट्रात व दक्षिण भारतात सॅपिंडस ट्रायफोलिएटस, तर हिमालयाच्या पायथ्याशी सॅ. मुकोरोसी ही जाती आढळते. वंशनाम ‘भारतीय साबण’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांपासून बनले आहे.

मगजातील सॅपोनिनांमुळे फेस येतो. त्यांच्या रेणूचा शर्करायुक्त भाग पाण्याकडे व उरलेला भाग तेलाकडे ओढला जातो. त्यामुळे तेलाचे सूक्ष्म थेंब पाण्यात विखुरलेले राहतात. अशा मिश्रणास पायस व ते टिकविणाऱ्या द्रव्यास पायसीकारक म्हणतात.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात वस्त्रशुद्धीची द्रव्ये धाग्यानुसार वेगळी सांगितली आहेत. रेशीम व लोकर यांसाठी खारी माती, तर शेळीच्या केसांच्या कांबळ्यांसाठी अरिष्टक विहित आहे. महाराष्ट्रात अभ्यंगानंतर केसांतील तेल काढण्यास शिकेकाई व रिठा, तसेच रेशमी वस्त्रे व सोन्याचांदीचे दागिने धुण्यास रिठा वापरण्याची चाल जुनी आहे.

एकोणिसाव्या शतकात स्वस्त सोड्यामुळे साबणाचे उत्पादन वाढले आणि रिठ्याचे क्षेत्र आकुंचित झाले. तथापि साबणातील जनावरांच्या चरबीमुळे सोवळे पाळणाऱ्या घरांत तो वर्ज्य मानला जाई. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस मुंबईच्या गोदरेज कंपनीने वनस्पतिज तेलांचा साबण बाजारात आणल्यावर ही अडचण उरली नाही. सुती कपड्यांतून रिठा मागे पडला. रेशीम व लोकर यांबाबत मात्र तो टिकला. साबणाचे द्रावण अल्कधर्मी असल्याने या प्रथिनमय धाग्यांस अपाय होतो. शिवाय जड पाण्यात साबणाचा चोथा बनतो. रिठ्याचे द्रावण सौम्य अम्लधर्मी असून त्यात हे दोष नाहीत.

संश्लिष्ट प्रक्षालके व शाम्पू यांच्या प्रसारानंतर केस धुण्यातही रिठ्याचा वापर घटला. अलीकडे वनस्पतिज प्रसाधनांच्या मागणीमुळे त्याच्या अर्काकडे फेसकारक व पायसीकारक म्हणून पुन्हा लक्ष वेधले गेले आहे. चिलीतील क्विलाया वृक्षाच्या सालीतील सॅपोनिने पेयांतही याच कामासाठी वापरतात.

वनस्पतिज असल्याने रिठा निरुपद्रवी ठरत नाही. त्याच्या पाण्याने डोळ्यांची तीव्र आग होते व सॅपोनिने माशांना विषारी असतात. म्हणून प्रसाधनात अर्काचे प्रमाण मर्यादित ठेवावे लागते.