टोपीखालचा 'स'

इंग्रजीतल्या फॉरेस्टला फ्रेंचमध्ये म्हणतात 'फोरे', हॉस्पिटलला 'ओपिताल' आणि सणाला 'फेत'. मग मधला 'स' गेला कुठे? गेला टोपीखाली! या तिन्ही शब्दांत एका स्वराच्या डोक्यावर छपरासारखी खूण असते. तिचं नाव सर्कमफ्लेक्स.

व्यंजनाआधीचा हा 'स' फ्रेंच लोकांनी मध्ययुगातच उच्चारायचा सोडला, लिहायचा मात्र सोडला नाही. शेवटी १७४० साली फ्रेंच अकादमीने शब्दकोशाच्या तिसऱ्या आवृत्तीत तो काढला आणि बऱ्याच ठिकाणी त्याची आठवण म्हणून टोपी ठेवली. पोर्तुगीजांनी आपला 'स' सोडलाच नाही, म्हणून तर गोव्यात चर्चचं 'फेस्त' असतं!

पोर्तुगीजमधल्या खुणा जास्त करून जिभेसाठी आहेत. 'अव्हॉ' म्हणजे आजी, 'अव्हो' म्हणजे आजोबा. अक्षरं तीच, फक्त शेवटच्या 'ओ'वर तिरकी रेघ की टोपी एवढाच फरक. खूण चुकली की आजीचे आजोबा होतात. नागमोडी रेघ तर लेखनिकांनी जागा वाचवायला अक्षराच्या वर चढवलेला 'न', म्हणजे आपल्या अनुस्वाराचा भाऊच. 'साओ जोआओ'मध्ये ती दोनदा येते, आणि गोव्यातल्या 'सांजांव'मध्ये आजही ऐकू येते.

गंमत म्हणजे डिसेंबर १९९० मध्ये दोन्ही भाषांत शुद्धलेखन सुधारणा आल्या. पोर्तुगीज कराराने 'यू'वरचे दोन टिंब काढले. ब्राझीलमध्ये तो २००९ पासून लागू झाला. आता 'लिंग्विसा' या सॉसेजच्या नावात 'यू' उच्चारायचा, हे स्पेलिंगवरून कळत नाही, पाठच करावं लागतं. फ्रेंचमध्ये 'आय' आणि 'यू'वरची टोपी ऐच्छिक झाली, कारण तिथे उच्चार बदलत नाही. अर्थाचा घोळ होईल तिथे मात्र ती ठेवली. तरी २०१६ मध्ये शाळेची पुस्तकं या नियमांनी छापणार म्हटल्यावर ट्विटरवर 'मी सर्कमफ्लेक्स' म्हणत लोक पेटले!

आपल्याकडे १९६२ च्या नियमांनी 'नांव', 'कांहीं'वरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. लिहिणं सोपं झालं हे खरंच. आम्हा कोडवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर पोर्तुगीजांनी कोडची ओळ उडवली, फ्रेंचांनी आणि आपण कमेंट. कमेंट उडवल्याने प्रोग्रॅम बंद पडत नाही. पण दोन वर्षांनी तो कोड ज्याच्या गळ्यात पडतो, त्याला विचारा!